एस्पो २०१९ : फिनलंडचा गोल रद्द करणे योग्य होते का?

धागाकर्ता
१४ एप्रिल २०१९ रोजी फिनलंडमधील एस्पो येथे महिलांच्या जागतिक आइस हॉकी स्पर्धेचा अंतिम सामना यजमान फिनलंड आणि अमेरिका यांच्यात झाला. १९९० पासूनच्या आधीच्या अठराही स्पर्धांत अंतिम सामना कॅनडा आणि अमेरिका यांच्यातच झाला होता. उपांत्य फेरीत कॅनडाला ४-२ असे हरवून फिनलंडने ती मक्तेदारी मोडली. अंतिम सामन्यात १-१ अशी बरोबरी असताना जादा वेळेत पेट्रा निएमिनेनने गोल केला, यजमानांचा जल्लोष सुरू झाला, आणि मग बराच वेळ चित्रफीत तपासून तो गोल रद्द करण्यात आला. त्याआधी फिनलंडची जेनी हिरिकोस्की आणि अमेरिकेची गोलरक्षक अ‍ॅलेक्स रिग्सबी यांची टक्कर झाली होती, आणि गोलरक्षकाला अडथळा झाला असे कारण दिले गेले. अखेर पेनल्टी शूटआउटमध्ये अमेरिकेने विजेतेपद मिळवले.

माझ्या मते हा निर्णय चुकीचा होता. रिग्सबी आपली क्रीज (गोलसमोर गोलरक्षकासाठी आखलेली जागा) सोडून पुढे आली होती, आणि त्याच प्रसंगात हिरिकोस्कीला पाडल्याबद्दल दोन मिनिटांची शिक्षा झाली ती रिग्सबीलाच. एकाच टकरीत पाडणारी तीच आणि अडथळा झालेलीही तीच, हे मला अजूनही उमगलेले नाही.

प्रतिसाद १
असहमत. गोलरक्षक क्रीजबाहेर आली म्हणून तिच्यावर आदळण्याची मुभा कोणालाही मिळत नाही. टक्कर टाळण्याचा प्रयत्न आक्रमक खेळाडूनेच करायचा असतो. रिग्सबीने पाडले हा एक गुन्हा, आणि त्यानंतर ती बर्फावर आडवी असताना तिला गोल वाचवायची संधी उरली नाही ही दुसरी गोष्ट. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. निर्णय यजमानांच्या विरुद्ध, भरल्या स्टेडियममध्ये गेला, हे पंचांच्या धैर्याचेच लक्षण मानावे लागेल.

धागाकर्ता
धैर्याबद्दल वाद नाही, तर्काबद्दल आहे. क्रीजबाहेर खेळणाऱ्या गोलरक्षकाशी झालेला ओझरता संपर्क नियमाला चालतो. तेव्हा गोल रद्द करायचा, तर हिरिकोस्कीची धडक टाळण्याजोगी होती असे मानावे लागते. आणि तसे मानले, तर तिला शिक्षा का झाली नाही? ती आडवी पडली ती रिग्सबीमुळे. जिला पाडले तिने आता टक्कर टाळावी, ही अपेक्षा गुरुत्वाकर्षणाला लागू होत नाही.

प्रतिसाद २
आपण दोघे गोलवर भांडत आहात, पण मला शूटआउट अधिक खुपतो. फिनलंडची गोलरक्षक नूरा रॅटीने त्या सामन्यात ५० फटके अडवले, आणि एवढ्या सांघिक झुंजीचा निकाल शेवटी एकेकट्या खेळाडूच्या धावेवर लागला. बरोबर तीन महिन्यांनी, १४ जुलैला, लॉर्ड्सवर न्यूझीलंडचे काय झाले ते आपल्याला सांगायला नको. चौकार-षटकार मोजून विश्वचषक देण्याचा तो नियम नंतर बदलावा लागला.

प्रतिसाद १
लॉर्ड्सची तुलना इथे लागू नाही. तिथे सुपर ओव्हरनंतरही बरोबरी होती आणि नियमच विचित्र होता. शूटआउटमध्ये निदान कोणीतरी कोणाला तरी हरवते, आणि अमेरिकेच्या अ‍ॅनी पॅन्कोव्स्कीने हरवले. शिवाय एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जात आहे. रिग्सबीच्या शिक्षेमुळे गोल रद्द झाल्यावरही फिनलंडला दोन मिनिटे एक खेळाडू जास्त मिळाली होती. त्या दोन मिनिटांत गोल झाला असता, तर हा धागा निघालाच नसता.

धागाकर्ता
सुवर्णपदक जिंकल्याचा जल्लोष करून झालेल्या खेळाडूंना पुन्हा हेल्मेट चढवून बर्फावर उतरायला सांगायचे आणि ‘आता दोन मिनिटांत पुन्हा जिंकून दाखवा’ म्हणायचे, याला मी भरपाई मानत नाही.