दुप्पट अधिक ३० नागपुरात फसतं

सेल्सिअसची दुप्पट करून ३० मिळवा, झालं फॅरनहाइट, असा एक सोपा हिशेब सांगतात. डिसेंबरातल्या पहाटेपुरतं ठीक आहे. १० अंशाला उत्तर चोख ५० येतं. पण नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ वर गेला की हाच हिशेब १२० सांगतो, खरा आकडा ११३. त्यापेक्षा दुप्पट करा, तिच्यातून तिचाच दहावा हिस्सा वजा करा आणि ३२ मिळवा: ९०, ८१, ११३. अगदी तंतोतंत.

आपली गंमत अशी की हवा मोजतो सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरनहाइटमध्ये. टेक्सासहून भाचा फोनवर "आज १०४ आहे" म्हणाला, तर आई घाबरलीच, "डॉक्टरकडे गेलास का रे?" हवेचं सांगतोय, म्हणजे ४०, हे कळल्यावर म्हणाली, "एवढं तर आपल्याकडे एप्रिलातच असते."