जुनी विंगर कॅम्पर घ्यायचीय, बघताना नेमकं काय तपासू?

मानपाड्याचा_मुसाफिर

नमस्कार मंडळी. ठाण्यात मानपाड्याला राहतो. आम्ही दोघं, एक लेक आणि एक कुत्रा. कुत्र्यामुळे अर्ध्या होमस्टेवाल्यांचं फोनवरच "नाही" येतं आणि उरलेल्यांचे शनिवार-रविवारचे भाव ऐकून आपणच फोन ठेवतो. म्हणून बरेच दिवस डोक्यात आहे की छोटी कॅम्परव्हॅन घ्यावी. नवी परवडणार नाही.

सानपाड्यात एक २०१४ ची टाटा विंगर विकायला आहे. मालकाने २०१९ मध्ये आतून बदलून घेतलीय. मागे आडवा पलंग, ओटा, सिंक, छोटा फ्रिज, छतावर सोलर पॅनल आणि एक व्हेंट (हवेचा झरोका). पांढरी नंबरप्लेट, एमएच ४३. आरसीवर वर्ग "ओम्नी बस, खासगी वापर" आणि आसनं १२ लिहिलीत, प्रत्यक्षात बसायला चार जागा. साडेसहा लाख मागतोय. बायकोला आतलं फारच आवडलंय, वारली नक्षीचे पडदे आहेत, लाकडाला छान पॉलिश आहे.

येत्या रविवारी मेकॅनिकला घेऊन परत बघायला जाणार आहे. तो इंजिन बघेल. पण बाकीचं, म्हणजे गाडीतलं जे घर आहे, त्याचं काय बघायचं? आणि साडेसहा जास्त वाटतात का?

रबाळे_बॉडीवाला

आधी वहिनींना सांगा, पडदे बघून गाडी घेऊ नका. माझं सगळं आयुष्य टीटीसीतल्या (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या) शेडमध्ये बस आणि ट्रॅव्हलरच्या बॉड्या बांधण्यात गेलं. पडदे, गाद्या, दिवे हे आम्ही सगळ्यात शेवटी लावायचो आणि गिऱ्हाईक नेमकं त्यालाच भुलायचं. आत जे दिसतंय ते सगळं कुठलाही बरा सुतार पुन्हा करून देतो. पत्रा, वजन आणि कागद या तीन गोष्टी मात्र पुन्हा होत नाहीत. म्हणून किंमत करताना आतलं सामान फुकट आलं असं धरा. २०१४ ची मोकळी विंगर तुमच्याकडे बाजारात काय भावाने मिळते ते काढा आणि तिथून बोलायला सुरुवात करा.

तुमच्या पोस्टमधली खरी गोम आरसीच्या ओळीत आहे. १२ आसनं लिहिलेल्या गाडीत चार आसनं आणि ओटा असेल तर हा बदल आरटीओत नोंदलेला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ यासाठीच आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाला धक्का लावणारा बदल चालणार नाही. कॅराव्हॅनसाठी वेगळं मानक आहे, एआयएस १२४. वाहन पोर्टलवर "मोटर कॅराव्हॅन" आणि "कॅम्पर व्हॅन" असे स्वतंत्र वर्गही आहेत. मालक म्हणेल, "अहो, सगळे असंच फिरवतात." फिरवतात, खरं आहे. पोलिसाने अडवलं तर दंड भरून सुटता येतं. पण मोठा अपघात झाला आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, की तो आधी आरसी उघडतो आणि मग आत डोकावतो. म्हणून पॉलिसीवर या बदलाची नोंद आहे का, ते कागदावर बघा. तोंडी नको.

आता पाणी. आपल्याकडे गाडीला खातो तो पाऊस, किलोमीटर नाही. त्यात सानपाडा म्हणजे खाडीची हवा. रविवारी गाडी सरळ एखाद्या वॉशिंग सेंटरला न्या आणि दहा मिनिटं छतावर प्रेशरने पाणी मारायला सांगा. मालक कुरकुरला तर तेच उत्तर समजा. मग आत जाऊन वरच्या कपाटांची दारं उघडा आणि हात आत घालून मागच्या कोपऱ्यापर्यंत फिरवा. डोळ्यांनी बघू नका, पॉलिशखाली ओल दिसत नाही, बोटांना कळते. व्हेंटच्या चौकटीभोवती, सोलर पॅनलचे बोल्ट जिथे छतात गेलेत तिथे, आणि मागच्या दिव्यांच्या वर. त्यानंतर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने प्लायवर ठोकत चला. कोरडा प्लाय टणटण वाजतो, भिजून सुटलेला भद्द वाजतो, एकदा ऐकलंत की चुकणार नाही. पलंगाखालची फळी उचलून तिची कड बघा. ७१० चा शिक्का असेल तर मरीन प्लाय आहे. कड फुगून पापुद्रे सुटले असतील तर साधा कमर्शियल, त्याचे दोन-तीन पावसाळे उरलेत.

व्हेंटभोवती पांढऱ्या सिलिकॉनचे थरावर थर दिसले तर मालक दरवर्षी गळती बुजवतोय. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरतच नाही. सगळं खरवडून ब्यूटाइल टेप आणि पीयू सीलंट लावावं लागतं. आणि विंगरचं छत कापलंय हे विसरू नका. ही गाडी मोनोकॉक आहे, म्हणजे वेगळ्या चेसिसवर ठेवलेली पेटी नाही. इथे पत्राच भार घेतो. भोक पाडताना आतून चौकोनी पाइपाची फ्रेम दिलीय का, ते अस्तर थोडं खाली ओढून बघायला मागा. याच कारणाने दारांखालचे पत्र्याचे सिल, चाकांच्या कमानी आणि सरकत्या दाराचा खालचा रूळ गंजलेला चालत नाही. खाली नुकताच काळा अंडरकोट मारलेला असेल तर खूश होऊ नका, उलट चुंबक काढा. जिथे चिकटत नाही तिथे आत पुट्टी आहे.

वजन. हे कुणीच करत नाही. तुर्भ्याला किंवा कळंबोलीला कुठल्याही वजनकाट्यावर गाडी चढवा, चिठ्ठी घ्या आणि आरसीवरच्या ग्रॉस वजनाशी ताडून बघा. १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो. घरच्या इन्व्हर्टरसारख्या ट्युब्युलर बॅटऱ्या असतील तर एकेक पन्नास-साठ किलोची. मागच्या चाकांचं वजन वेगळं काढून घ्या, कारण विंगर पुढच्या चाकांवर चालते. टाकी, बॅटरी, पलंग सगळं मागे कोंबलं की पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या चढावर गाडी उचलताना जागेवर फिरतात. गायमुख घाटात थांबवून परत उचलून बघा. तिथे मुद्दाम थांबावं लागत नाही, ट्रॅफिक आपोआप थांबवतंच. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. पुढून कटकट आवाज आला तर सीव्ही जॉइंट, म्हणजे पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा, गेलाय.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. अशा गाड्या उभ्याच जास्त असतात, नक्षी कोरी दिसते आणि रबर मेलेलं असतं. स्टेपनी पण बघा.

वीज आणि गॅसबद्दल दुसरं कुणीतरी लिहा, माझी बोटं दुखली.

सीवूड्सची_भटकी

काकांनी सोडलेलं मी घेते. आम्ही दोन वर्षं कॅम्परव्हॅन चालवली, मग विकली, आता पाच सीटर मारुती इको आहे. स्वयंपाकाची पेटी डिकीत, झोपायला तंबू. कुठेच बोल्ट मारलेला नाही, त्यामुळे आरसीची झंझट नाही. तुमच्या कुटुंबाला हे पुरतं का, याचा एकदा विचार करा. पाऊस पडायला लागला की तंबू नको होतो, हेही सांगते.

वीज: मालकाने इंजिन सुरू ठेवून सगळं दाखवलं तर फसू नका. आदल्या रात्रीपासून चार्जिंग बंद ठेवायला सांगा. सकाळी मल्टिमीटर लावा. लेड ॲसिड बॅटरी भरलेली असेल तर १२.६ च्या आसपास दाखवते. मग फ्रिज आणि पंखा तासभर चालवा. तासात आकडा ११.८ वर आला तर बॅटरीचे पैसे किमतीतून वजा. आणि बॅटरीच्या प्लस टर्मिनलवरून निघालेल्या वायरला वीतभर अंतरात फ्यूज नसेल तर मी त्या गाडीत मुलीला झोपवणार नाही. आमच्यात फ्यूज होता, पण पुढे घरातली वायरिंगची वायर वापरलेली. एका वळणावर पत्र्याच्या कडेला घासून तिचं तांबं उघडं पडलं होतं. कपाटाच्या मागे मोबाइलचा टॉर्च मारून वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकातली कडी, आहे का, तेवढं नक्की बघा.

गॅस: घरगुती लाल सिलिंडर पट्ट्याने बांधलेला दिसला तर तो मालकालाच परत करा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली बसतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं. वरची खिडकी उघडी ठेवतो, हे उत्तर चालणार नाही. नळीवरची तारीख वाचा आणि जोडांना साबणाचा फेस लावून बघा. मी तर म्हणेन, गॅस काढूनच टाका. ५ किलोचा छोटा सिलिंडर घेऊन बाहेर शेगडी मांडा, गाडीत कांद्या-लसणाचा वासही राहत नाही.

आणि उभी कुठे करणार? आमची व्हॅन विकायचं खरं कारण सोसायटी होती. स्टिल्टमध्ये छत लागत नव्हतं, बाहेर लावली तर रोज कमिटीचा मेसेज, "टेम्पो हटवा." टेप घेऊन जा, पॅनल आणि व्हेंट धरून उंची मोजा.

वाशी_आरटीओ_जवळ

कागदांचं थोडक्यात सांगतो. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा बघा. बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र आल्याशिवाय पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. ई-चलान थकलेत का ते महाराष्ट्र ट्रॅफिकच्या साइटवर दिसतं. एक्स्प्रेसवेवर फिरलेल्या गाडीला ते असतातच. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) लावलीय का बघा, एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना ती सक्तीची आहे.

पंधरा वर्षं पहिल्या नोंदणीपासून मोजतात, २०१९ मध्ये पलंग बसवला म्हणून वय कमी होत नाही. म्हणजे २०२९ ला तपासणी, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर. नोंद न केलेला ओटा घेऊन त्या तपासणीला उभं राहायचंय, हे डोक्यात ठेवा.

अजून एक. ही फिसकटली तर दिल्लीच्या नंबरच्या स्वस्त गाड्या दिसतील. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलला बंदी आली होती म्हणून त्या बाहेर निघाल्या. एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर धरला की स्वस्ताई संपते.

मानपाड्याचा_मुसाफिर

सगळ्यांचे आभार. रविवारी जाऊन आलो.

पाणी मारायला मालक तयार झाला, त्याबद्दल त्याला मानलं पाहिजे. व्हेंट कोरडा निघाला. पण मागच्या डाव्या कपाटात हात घातला तर कोपरा ओला, आणि त्याच्या खालचा प्लाय काकांनी लिहिल्यासारखा भद्द वाजला. मालकालाही ते नवीन होतं, त्याचा चेहराच उतरला. पत्रा बरा आहे, सरकत्या दाराच्या रुळाला थोडा गंज. फ्यूज आहे. टायर २०१७ चे!

तुर्भ्याच्या काट्यावर गाडीत दोनच माणसं होती, टाकी रिकामी, तरी आरसीच्या मर्यादेला जेमतेम दीडशे किलो कमी. म्हणजे पाणी भरून लेक, बायको आणि कुत्रा बसले की संपलं. सीव्ही जॉइंट ठीक. पॉलिसी साधी थर्ड पार्टी, बदलाची नोंद कुठेच नाही.

उंची मोजली. आमच्या स्टिल्टच्या तुळईखाली जात नाही. सेक्रेटरींना विचारलं, ते म्हणाले अर्ज करा, मीटिंगमध्ये घेऊ.

मालक साडेपाचवर आलाय. मोकळ्या २०१४ च्या विंगरचे दोन-तीन जणांकडून भाव काढले, ते याच्या बरेच खाली आहेत. बायको अजून पडद्यांवरच आहे. काका, दुरुस्त करून घेण्यासारखी आहे का?

रबाळे_बॉडीवाला

कोपरा दुरुस्त होईल. मागचा दिवा काढा, त्याचं गॅस्केट बघा, बहुतेक पाणी तिथूनच शिरतंय. कपाट उतरवून ओला प्लाय कापून ७१० चा तुकडा बसवायचा, दोन दिवसांचं काम. टायर पाचही बदला. वजनाचं म्हणाल तर ट्युब्युलर बॅटऱ्या असतील तर काढून लिथियम आयर्न फॉस्फेट बसवा, १०० एएचची बारा-तेरा किलोत बसते. टाकी १०० ची असेल तर ५० ची करा, आपल्याकडे पाणी कुठेही भरता येतं. हा सगळा खर्च कागदावर मांडून मालकासमोर ठेवा आणि मोकळ्या गाडीच्या भावातून वजा करा.

पण आरसीचं काम त्याच्या नावावर असतानाच व्हायला हवं. त्याला सांगा, आरटीओत बदलाची परवानगी आणि नोंद तू करून दे, मग मी घेतो. नोंद झाली तर साडेचारपर्यंत जायला हरकत नाही. तो नाही म्हणाला, किंवा आरटीओने नाही म्हटलं, तर टोकनसुद्धा देऊ नका. आणि सोसायटीचा अर्ज आजच टाका, त्यांची मीटिंग कधी होईल देव जाणे.

सीवूड्सची_भटकी

पडदे वेगळे विकतो का, विचारा. मी घेते.