फेनी हेमस्कर्क: १० विजेतेपदं कशी मोजायची, जुने डाव पीजीएनमध्ये कसे आणायचे?

पटावरचा_उंट
डच बुद्धिबळपटू फेनी हेमस्कर्कवर (१९१९–२००७) मराठीत टिपण लिहायला घेतलंय. नेदरलँड्सची महिला विजेती १० वेळा, १९३७ ते १९६१. पण २५ वर्षांत १० म्हणजे उरलेल्या वर्षी ती हरली, असं धरायचं का? दुसरं, तिला महिला ग्रँडमास्टर किताब १९७७ चा दिसतो. वयाच्या ५७ व्या वर्षी नॉर्म (किताबासाठी लागणारी स्पर्धेतली कामगिरी)? तिसरं, डच वर्तमानपत्रांतले तिचे डाव पीजीएनमध्ये (डाव साठवायचं संगणकीय मजकूर-स्वरूप) भरले की सॉफ्टवेअर सुरुवातीच्या खेळ्यांतच अडकतं. शिवाय अलीकडची डच ग्रँडमास्टर झाओचिन पेंग हिच्याशी रेटिंगवरून तुलना करायचा विचार आहे.

साखळी_सामना
वर्षं मोजू नका, स्पर्धा किती झाल्या ते मोजा. १९३७ आणि १९३९ तिची. मधलं १९३८ कॅथरिना रोडझांटचं. रोडझांटने १९३५ आणि १९३६ ही दोन्ही वर्षंही जिंकली होती आणि ती हेमस्कर्कपेक्षा २३ वर्षांनी मोठी, म्हणजे १९३७ साली १७ वर्षांच्या मुलीने कुणाकडून मुकुट घेतला ते लक्षात येईल. पुढे युद्ध, थेट १९४६ पर्यंत खंड. मग स्पर्धा वर्षाआड होऊ लागली: १९४६, ४८, ५०, ५२, ५४, ५६, ५८, सगळ्या तिच्या. दहावं १९६१ चं. साठच्या दशकात कोरी व्रेकेन पुढे आली. खरा मथळा ‘१० वेळा’ नाही, युद्धानंतरचे सलग सात हा आहे.

जुनी_घड्याळं
किताबाचं साधं आहे. फिडेने (जागतिक बुद्धिबळ महासंघाने) १९५० मध्ये पहिल्यांदा किताब दिले, तेव्हा १७ महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाल्या. त्यांत ती होती. महिला ग्रँडमास्टर हा किताबच मुळी १९७६ मध्ये सुरू झाला. १९७७ चा तिचा किताब मानद आहे, जुन्या कामगिरीसाठी. ‘१९७७ मध्ये ग्रँडमास्टर झाली’ एवढंच लिहिलंत तर वाचणाऱ्याला ती तेव्हा फॉर्मात होती असं वाटेल. ‘मानद’ शब्द गाळू नका.

आंतरराष्ट्रीय भाग मात्र थोडक्यात उरकू नका. १९४४ मध्ये महिला जगज्जेती व्हेरा मेंचिक लंडनवरच्या बाँबहल्ल्यात गेली आणि जागतिक पद रिकामं राहिलं. ते भरायला १९४९–५० च्या हिवाळ्यात मॉस्कोत १६ जणींची साखळी स्पर्धा झाली. ल्युदमिला रुदेन्को १५ पैकी ११.५ गुणांनी जिंकली. हेमस्कर्क त्यात खेळली. १९५२ ची मॉस्कोतली कँडिडेट्स (जगज्जेतीची आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) हेमस्कर्कच्या कारकिर्दीचं शिखर: एलिझावेता बीकोवा पहिली, ही दुसरी. जागतिक लढतीची जागा एकच होती, ती बीकोवाला मिळाली आणि तिने १९५३ मध्ये रुदेन्कोला हरवलं. सोव्हिएत खेळाडूंच्या गर्दीत, तेही मॉस्कोत, दुसरं येणं मला तरी देशातल्या दहा मुकुटांहून जड वाटतं. १९५७ चं पहिलं महिला ऑलिंपियाड नेदरलँड्समध्येच, एमेनला झालं, २१ संघ, प्रत्येक सामना दोन पटांवर, तेही घ्या.

खेळी_नोंद
पीजीएनचं दुखणं अक्षरांचं आहे. डच नोंदीत राजा के, वजीर डी, हत्ती टी, उंट एल, घोडा पी. सॉफ्टवेअरला वजीर क्यू, हत्ती आर, उंट बी आणि घोडा एन लागतो. डी, टी, एल, पी या क्रमाने बदला. राजाला हात लावायचा नाही. दोन खबरदाऱ्या: शोध-बदल करताना मोठी-लहान अक्षरं वेगळी धरायचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर डी स्तंभावरची सगळी घरं वजीर होतील. आणि फक्त खेळ्या निवडून बदला. वरच्या माहितीच्या ओळींतही बदल झाला तर गावांची आणि खेळाडूंची नावं मोडतात.

कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं) वर्तमानपत्रात शून्याने छापलेलं असतं, पीजीएनमध्ये मोठं ओ अक्षर हवं. मारल्याची खूण कधी कोलन असते, शहाची कधी कट्यारीसारखी. त्या अनुक्रमे लहान एक्स अक्षरात आणि अधिक चिन्हात आणा. डेल्फरच्या (जुन्या डच वर्तमानपत्रांच्या ऑनलाइन) संग्रहातून मजकूर उचलला असेल तर स्कॅन वाचताना १ चं एल होणं, ई चं सी होणं नेहमीचंच. डाव अडला तर आधी मूळ पानाचं चित्र उघडा, मनाने खेळी दुरुस्त करू नका. छापतानाच चूक झालेली असेल तर त्याच डावाचं दुसऱ्या वर्तमानपत्रातलं सदर शोधा.

साखळी_सामना
नावांचंही बघा. डच पद्धतीत लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव आधी आणि माहेरचं जोडरेघेनंतर येतं, म्हणून कोरी व्रेकेन कुठे व्रेकेन-बाउमन अशीही सापडते. डेटाबेसमध्ये एकाच खेळाडूच्या दोन वेगळ्या व्यक्ती होऊ देऊ नका.

जुनी_घड्याळं
रेटिंगची तुलना सोडाच. फिडेने एलो ही रेटिंग पद्धत १९७० मध्ये स्वीकारली, तोवर हेमस्कर्कचा भर ओसरला होता. मागाहून काढलेले आकडे मिळतात, पण महिला त्या काळी बहुतेक आपसांतच खेळत. बंद गटातून निघालेला आकडा बाहेरच्या गटाशी जुळवता येत नाही. त्यात १९८७ च्या जानेवारी यादीत हंगेरीची सुसान पोल्गार वगळता महिला खेळाडूंना सरसकट १०० गुण वाढवून दिले, त्यामुळे त्या रेषेच्या अलीकडचे-पलीकडचे आकडेही थेट शेजारी ठेवता येत नाहीत. पेंग चीनमधून आलेली, २००४ ची पूर्ण ग्रँडमास्टर, खुल्या स्पर्धांत पुरुषांशी खेळून रेटिंग कमावलेली. तुलना करायचीच तर दोघींनी आपापल्या काळात देशातल्या किती स्पर्धा सलग जिंकल्या यावर करा.

पटावरचा_उंट
मोठी-लहान अक्षरं हीच भानगड होती, डी स्तंभ सगळा वजीर झाला होता. एक डाव अजून १९ व्या खेळीला अडतोय. घोडा अशा घरात जातो जिथे तो पोचूच शकत नाही.

खेळी_नोंद
दोन्ही घोड्यांच्या जागा तपासा. आधीच्या एखाद्या खेळीत दोघंही त्याच घरात जाऊ शकत असतील आणि छापताना कुठला ते सांगणारं स्तंभाचं अक्षर गळलं असेल, तर सॉफ्टवेअर चुकीचा घोडा हलवतं आणि बिंग पाच-सहा खेळ्यांनी फुटतं.