वायोमिंग: बीएलएमच्या (संघीय सरकारच्या भू-व्यवस्थापन खात्याच्या) जमिनीचा कोपरा ओलांडताना रँचची साखळी आडवी आली तर?

पायवाट: डेन्व्हरहून कार्बन काउंटीत प्रॉंगहॉर्नच्या (हरणासारख्या प्राण्याच्या) शिकारीला जायचं आहे, परवाना मिळालाय. नकाशावर बीएलएमचे दोन सेक्शन फक्त टोकाला टोक भिडतात, बाजूचे दोन्ही रँचचे आहेत. टोकावर दोन लोखंडी खांब, मध्ये साखळी, वर मनाईची पाटी. ओलांडलं तर अतिक्रमण होईल का? शिडी न्यावी का?

शिवधुरा: पाय रँचच्या मातीला लागला नाही, तर वायोमिंगात होत नाही. हा बुद्धिबळाचा पट 1862 च्या रेल्वे कायद्याने मांडला. रुळाच्या दोन्ही अंगांचे विषम क्रमांकाचे सेक्शन युनियन पॅसिफिकला मिळाले, सम सरकारकडे राहिले. एक सेक्शन म्हणजे मैलभर लांब, मैलभर रुंद, 640 एकर.

तुमच्यासारखाच प्रसंग एल्क माउंटनवर घडला. मिसूरीच्या शिकाऱ्यांनी 2020 मध्ये साखळीचे खांब धरून वळसा घेतला, 2021 मध्ये पोलादी शिडी नेली. फौजदारी खटल्यात ज्यूरीने 2022 मध्ये त्यांना निर्दोष सोडलं. रँचमालकाचा दिवाणी दावाही टिकला नाही: दहाव्या सर्किट न्यायालयाने (वायोमिंग ज्याच्याखाली येतं ते संघीय अपील न्यायालय) 18 मार्च 2025 रोजी शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. आधार सरकारी जमीन कोंडायला मनाई करणारा 1885 चा कायदा. कुंपण स्वतःच्या जमिनीत घालूनही सरकारी जमीन कोंडता येत नाही, हे 1897 पासून ठरलेलं आहे.

हा निकाल मोंटानाला लागू नाही. ते नवव्या सर्किटमध्ये येतं आणि तिथला वन्यजीव विभाग कोपरा ओलांडणं बेकायदाच धरतो.

मोजणीदार: कायदा बरोबर, पण लोक चुकतात ते जागेवर. कुंपण म्हणजे हद्द नव्हे. तार बहुतेकदा खांब रोवायला सोपं पडेल तिथून जाते. फोनवरची रेषाही हद्द नव्हे, मोकळ्या आभाळाखालीसुद्धा फोन पाचेक मीटर चुकतो. त्या शिकाऱ्यांनी मोजणीची खूण शोधून तिथूनच ओलांडलं होतं. तुम्हीही तेच करा.

खूण म्हणजे जमिनीत रोवलेला लोखंडी पाइप, वर साधारण तीन इंची पितळी टोपी. टोपीवर चारही सेक्शनचे आकडे ठोकलेले असतात, ते नकाशाशी जुळवा. जुन्या मोजणीत खाचा पाडलेला दगडही सापडतो. खूण मिळाली नाही तर ओलांडू नका. खूण उपटणं किंवा हलवणं हा संघीय गुन्हा आहे, मग ते रँचवाल्याने केलेलं असो की शिकाऱ्याने.

शिडी घोडीसारखी उघडणारी घ्या आणि बरोबर कर्णावर लावा: दोन पाय अलीकडच्या बीएलएममध्ये, दोन पलीकडच्या. टोकाशी जागा निमुळती होते. पायांमध्ये 40 सेंमी अंतर असेल तर ते खुणेपासून किमान 20 सेंमी मागे हवेत. 50 ठेवा, म्हणजे शिडी हलली तरी पाय हद्दीत राहतील. खांब धरू नका, साखळी कापू नका. मांस आणताना पाठपिशवीसुद्धा रँचच्या बाजूला टेकवू नका.

आणखी एक. 16 आणि 36 हे सेक्शन सम असले तरी वायोमिंगात बहुधा राज्याचे असतात, नकाशात निळे. बीएलएम पिवळं. 1885 चा कायदा संघीय जमिनीपुरता आहे, त्यामुळे निळ्या कोपऱ्यावर या निकालाच्या भरवशावर जाऊ नका.

पायवाट: जखमी जनावर रँचमध्ये जाऊन पडलं तर?

शिवधुरा: मालकाच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही, जनावर उचलायलाही नाही. शिकाऱ्याच्या बाबतीत पाटी नसली तरी अतिक्रमणच. आधी मालकाला विचारा, नाही म्हणाला तर गेम वॉर्डनला (वन्यजीव विभागाच्या अधिकाऱ्याला) फोन करा. म्हणून रेषेजवळ बार टाकूच नका. प्रॉंगहॉर्न गोळी लागल्यावरही दोनतीनशे मीटर सहज पळतं, आणि सहसा तारेवरून उडी न मारता खालून निसटतं. सेक्शनच्या मध्यावर थांबलात तर चारही बाजूंना अर्धा मैल मिळतो.