तांबूस डाग आणि बाटलीचं पाणी
कुत्र्याला नळाचं पाणी बंद करून बाटलीचं पाजलं की डोळ्यांखालचे तांबूस डाग जातात, असं काहीजण म्हणतात; ते पटत नाही. मुंबईला भातसा-वैतरणाचं पाणी येतं, ते मुळात मऊच, म्हणजे क्षार कमी असलेलं. तांबूस रंग अश्रूंमधल्या पॉर्फिरिन या रंगद्रव्याचा. त्यात पावसाळ्यात डोळ्यांखालचे केस सुकतच नाहीत, यीस्ट वाढतं आणि आंबूस वास सुटतो. पुसतात सगळे, कोरडं करायचं राहतं. ०.९% सलाईनमध्ये भिजवलेला कापूस आतल्या कोपऱ्यातून बाहेर फिरवा, प्रत्येक डोळ्याला नवा, मग कोरड्या गॉजने टिपा. हायड्रोजन पेरॉक्साइड डोळ्याच्या आसपासही नको. रंगलेला केस पुन्हा पांढरा होत नाही, वाढला की कापायचा.

स्राव पिवळा-हिरवा झाला किंवा कुत्रा डोळा मिटून राहू लागला तर व्हेटकडे फ्लुरोसीन (जखम दाखवणारा रंग) टाकून डोळ्यावर व्रण आहे का ते तपासून घ्या.