मदत हवी आहे: चोर बाजार, एक दिवस आणि शाकाहारी आई

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईला घेऊन नाशिकहून मुंबईला येतेय. पूर्ण दिवस चोर बाजारात, मटण स्ट्रीट आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत घालवायचा आहे.

मुख्य शोध एकाच वस्तूचा: पितळी पुरणयंत्र, हाताने फिरवायचं, जाळ्यांसकट. आजीचं होतं, घर बदलताना गेलं. आईला अजून त्याची हळहळ वाटते. नवीन स्टीलचं तिला नकोच आहे. जुनी पितळी भांडी नेमकी कुठल्या गल्लीत मिळतात? वजनावर भाव सांगतात की नगावर? आणि घासाघीस करताना सुरुवात साधारण निम्म्यापासून करावी का?

दुसरा प्रश्न वाराचा. शुक्रवारी पहाटे रस्त्यावर जुना माल मांडतात, पण दुकानं बंद असतात. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने आलो तर पहाट हुकणारच. मग शनिवारच बरा ना?

आता खाणं. मला भेंडी बाजारात नूर मोहम्मदीची नल्ली निहारी खायचीच आहे, 1923 पासूनचं हॉटेल आहे. आई मात्र कांदा-लसूण खाते, पण मांसाहार अजिबात नाही. तिच्यासाठी जवळपास साधी, स्वच्छ पुरी-भाजी किंवा डोसा मिळेल अशी जागा सांगा. नंतर तिथल्याच ‘ताज आईस्क्रीम’ दुकानातलं संचातलं (हाताने फिरवायच्या यंत्रातलं) आईस्क्रीम दोघी मिळून खाऊ.

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे सँडहर्स्ट रोडला उतरावं की ग्रँट रोडहून टॅक्सी करावी, तेही सांगा.