सोलापूरचा सैनिक स्मरणदिन: १४ जानेवारी की ७ डिसेंबर?

जिल्ह्यातल्या पडलेल्या जवानांचा स्मरणदिन कोणत्या तारखेला ठेवावा, यावरची ही चर्चा. प्रत्येक मताच्या वर ते मांडणाऱ्याचं टोपणनाव आहे.

भैय्या चौक

१४ जानेवारी हा माजी सैनिक दिन. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली याच तारखेला सेवानिवृत्त झाले, त्यावरून ती ठरली. इतरत्र ती सोयीची असेल, सोलापुरात ती नेमकी गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेत सापडते. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता, संक्रांतीला होम मैदानावर होमविधी, किंक्रांतीला दारूकाम. संक्रांत १५ ला सरकली की अक्षताच १४ ला येतात. सातही नंदीध्वज रस्त्यावर, वाहतूक वळवलेली, पोलीस बंदोबस्तात गुंतलेले. अशा दिवशी मंगळवेढ्याहून किंवा अक्कलकोटहून ऐंशीच्या घरातल्या माणसानं पदकं लावून शहरात यायचं कसं?

माझं म्हणणं, जिल्ह्याचा मुख्य स्मरणदिन ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनी ठेवा. १९४९ पासूनचा दिवस आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्या दिवशी कामाला लागलेलंच असतं. पण तो आता निधी संकलनापुरता उरलाय. खात्यांना उद्दिष्ट, पावतीपुस्तकं, लाल, गडद निळ्या आणि फिकट निळ्या पट्ट्यांचा छोटा ध्वज खिशाला, संपलं. त्यात एक तास असा हवा की जिल्ह्यातल्या प्रत्येक पडलेल्या जवानाचं नाव मोठ्यानं वाचलं जाईल. हुद्दा, नाव, पलटण, गाव, साल. एका नावाला सहा-सात सेकंद लागतात, म्हणजे शंभर नावं बारा मिनिटांच्या आत होतात. एका पाहुण्याच्या भाषणाला याहून जास्त वेळ जातो.

जुनी पलटण

तारीख हलवायला माझा साफ विरोध आहे. ध्वजदिन निधीसाठी आहे आणि तो तसाच राहू द्या. तो पैसा वीरपत्नींच्या मदतीला, मुलांच्या शिष्यवृत्तीला, वसतिगृहांना लागतो. पुष्पचक्र आणि निधीचा डबा एकाच मांडवात नकोत. वीरमाता पहिल्या रांगेत बसलीय आणि शेजारच्या टेबलावर पावत्या फाटतायत, हे बरं दिसत नाही.

शिवाय १४ जानेवारी हा हयात माणसांचा दिवस आहे. त्या दिवशी शाल-श्रीफळापेक्षा कागद दुरुस्त करून द्या. सगळ्यात जास्त अडतं ते पत्नीच्या नावावर. सेवेच्या नोंदीत ‘कमल’, आधारवर ‘कमलाबाई’, बँकेत अजून माहेरचं आडनाव. जन्मतारीख एकीकडे नुसतं साल, दुसरीकडे शाळेनं टाकलेली १ जून. माणूस असेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतन इथंच अडकतं, आणि उतारवयात ती बाई एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जात राहते. त्याच्या हयातीत, त्याच्या सहीनं हेच काम कितीतरी सोपं आहे. डिस्चार्ज बुक, पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश), दोघांची आधार कार्डं, प्रतिज्ञापत्र, आणि अर्ज जिल्हा सैनिक कार्यालयामार्फत त्याच्या अभिलेख कार्यालयाकडे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. तिथल्या नोंदीत दुरुस्ती झाल्याशिवाय पुढं काही हलत नाही.

दुसरं, हयातीचा दाखला. जन्मभर शेतात राबलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही. मोबाइलवर चेहऱ्यावरून पडताळणी होते. त्याला उजेड समोरून हवा. पाठीमागं खिडकी असली की चेहरा काळा येतो आणि पडताळणी फसते. अशी शिबिरं बार्शी, करमाळा, सांगोल्याला तहसीलच्या जागेत घ्या. तिथं गड्डा आडवा येत नाही, मग तारीख बदलायचं कारणच काय?

सात रस्ता

एवढी शोधाशोध कशाला? १२ जानेवारी आहे की. १९३१ साली मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली. शहर त्या दिवशी चार पुतळ्यांपाशी जमतंच. तिथंच जवानांनाही अभिवादन करा. वेगळा मांडव नको, वेगळा खर्च नको.

बाळीवेस

सात रस्ता, हे जुळत नाही. १९३० च्या मे महिन्यात याच शहरावर लष्करी कायदा लादला गेला, रस्त्यावर फौज उतरली. त्या दडपशाहीचं टोक म्हणजे १२ जानेवारीची फाशी. त्या फौजेपुढं न वाकलेल्या शहराची आठवण एक, आणि स्वतंत्र देशाच्या गणवेशात पडलेल्या जवानाची दुसरी. दोन्ही आपल्याच आहेत, पण एका तासात कोंबल्या तर दोन्ही अर्ध्या होतात. चार हुतात्म्यांचा दिवस त्यांचाच राहिला पाहिजे. त्यात जिजाऊ आणि विवेकानंदांची जयंतीही त्याच तारखेला.

कुणी २६ जुलै सुचवण्याआधी सांगतो: कारगिल विजय दिवस आपल्या जिल्ह्यात दरवर्षी निभणार नाही. अधिक मासाच्या वर्षी आषाढी जुलैअखेरीस जाते. २०२६ ची एकादशी २५ जुलैला आहे, म्हणजे २६ ला द्वादशी आणि सगळं प्रशासन पंढरपुरात. १६ डिसेंबर हा १९७१ च्या विजयाचा दिवस, त्यात १९६२ च्या चीन युद्धात रेझांग ला खिंडीत पडलेल्यांचा उल्लेख ओढूनताणून होतो. म्हणून माझं मत ७ डिसेंबरला. फक्त आदल्या दिवशी महापरिनिर्वाण दिन असतो, बंदोबस्तावरून आलेल्या पोलिसांना पहाटे सहाला पुन्हा उभं करू नका. अकरा वाजता ठेवा.

विजापूर रोड

तारखेवर चालू आहे सगळं, पण वाचायची यादी कुठाय? खरा पेच तिथं आहे.

दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर, २५ फेब्रुवारी २०१९ ला जे खुलं झालं, त्यागचक्राच्या विटांवर २५ हजारांहून अधिक नावं आहेत. ती स्वातंत्र्यानंतर युद्धात आणि लष्करी कारवायांत पडलेल्यांची. सरावात किंवा आजारानं गेलेला जवान लष्कराच्या हिशेबात वेगळ्या वर्गात मोडतो. सीआरपीएफ, बीएसएफ गृह खात्याकडे. त्यांचा स्मृतिदिन २१ ऑक्टोबर, १९५९ साली लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या हल्ल्यात पोलीस पडले, त्यावरून. गावाला मात्र हा फरक माहीत नसतो. तिरंग्यात गुंडाळून आलेलं पोर ते, कमानीवर दोघांचीही नावं सारख्याच अक्षरात असतात. माझ्या मते जिल्ह्याच्या यादीत सगळे घ्यावेत.

आणि नुसता आकडा नको. पश्चिम महाराष्ट्रात कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेली संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. एकाचंही नाव नाही. शंभर वर्षांत त्या घरांनासुद्धा आपला माणूस त्या आकड्यात आहे की नाही हे सांगता येईनासं झालं.

जुनी पलटण

सगळे घ्या, पण एका ओळीत नको. लढाईत पडलेला आणि रजेवर अपघातात गेलेला, दोघांच्याही घरचं दुःख तेवढंच आहे. पण नोंद वेगळी असते आणि ती खरीच लिहिली पाहिजे. दोन भाग करा आणि तसं सांगून वाचा. आणि क्रम सालानुसार लावा, हुद्द्यानुसार लावू नका. हुद्द्यानं लावली की शिपाई कायम शेवटी, आणि तोवर लोक उठायला लागलेले असतात.

सोरेगाव

तारीख कुठलीही ठरवा, तीन चुका टाळा.

ध्वज अर्ध्यावर घेण्याचा ठराव कुठलं मंडळ परस्पर करू शकत नाही. तो सरकारच्या आदेशानंच उतरतो, आणि तेव्हाही आधी टोकापर्यंत चढवून मग अर्ध्यावर आणतात. संध्याकाळी पुन्हा टोकापर्यंत नेऊन मगच खाली घेतात. स्मरणदिनी ध्वज पूर्ण उंचीवर ठेवा, पुष्पचक्र खाली.

लास्ट पोस्ट, म्हणजे पडलेल्यांसाठी वाजवायची बिगुलाची धून, मोबाइलवरून भोंग्यावर लावू नका. मध्येच फोन आला की दोन मिनिटांची शांतता मोडली. राज्य राखीव पोलीस बलाचा किंवा पोलीस बँडचा बिगुलवाला पंधरा दिवस आधी लेखी पत्रानं मागा. क्रम असा: शोक शस्त्र (शस्त्रं उलटी धरून मानवंदना), लास्ट पोस्ट, दोन मिनिटं स्तब्धता, राउज (स्तब्धता संपल्याची बिगुलाची धून). निवेदकानं मध्ये एक शब्दही बोलायचा नाही. ‘आता आपण शांत उभे राहूया’ हे सगळं आधीच सांगून घ्यायचं.

तिसरी चूक नामफलकाची. अ‍ॅक्रिलिकची पाटी आपल्या उन्हात फार टिकत नाही, पिवळी पडून तडकते. पितळी अक्षरं चोरीला जातात. काळ्या ग्रॅनाइटमध्ये अक्षर कोरून घ्या, नुसता रंग मारू नका. रंग उडाला तरी खोलगट अक्षर बोटाला लागतं. खाली दोन-तीन हात जागा कोरी सोडा. पुढची नावं येऊच नयेत असं वाटतं, पण जागा ठेवावी लागते.

भैय्या चौक

डब्याचा मुद्दा मान्य. संकलन कार्यालयात चालू दे, ७ तारखेला मैदानात एकही पावतीपुस्तक नको. १४ जानेवारीची तालुक्याची शिबिरंही हवीत. पण नावं वाचायचा दिवस ७ डिसेंबरच, यावर मी ठाम आहे.

जुनी पलटण

मी अजूनही १४ वरच आहे. बाकी कागदावर आणू.

बाळीवेस

यादीचं काम मात्र दिवस ठरेपर्यंत थांबवू नका. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळी घरं आहेत. मलप्पा की मल्लप्पा, गड्डम की गड्डाम, शेख आधी की नंतर, हे टंकलेखकानं ठरवायचं नाही. ग्रामपंचायतीकडून नाव घ्यायचं, सैनिक कार्यालयाच्या नोंदीशी ताडायचं, मोठ्या अक्षरात छापलेला कच्चा कागद घरच्यांना वाचून दाखवायचा आणि त्यावर सही किंवा अंगठा घ्यायचा. अंगठा देणाऱ्या आजीला नाव तीनदा वाचून दाखवा. कोरलेलं अक्षर पुसता येत नाही. डिसेंबर धरला तर हे कागद दसऱ्याच्या आत परत यायला हवेत.